इब्रातली तिसरी खेळाडू

मस्कतच्या कुरुम भागातल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये मला करमत नव्हतं, हे आधीच सांगून टाकते. नितीन आणि सूनबाई सकाळीच ऑफिसला जायची, नात शाळेत. संध्याकाळी ती आली की तिचं मराठी आणि माझं इंग्रजी, दोन्ही लवकर दमायची. म्हणून नीमा दोन तासांवरच्या इब्रा गावाला चल म्हणाली, तेव्हा मी दशम्यांचा डबा बांधून तासभर आधीच खाली जाऊन उभी राहिले.

नीमा टांझानियातली. कुरुमच्या बागेत ती एकटीच बास्केटबॉल खेळताना मला दिसली होती. जन्मभर कोरेगावच्या शाळेत मुलींना हाच खेळ शिकवल्यामुळे मला राहवलं नाही आणि तिचं कोपर बाहेर जातंय, असं मी तिला सांगून आले. बाई आपल्या देशाच्या संघातून खेळलेली आहे, हे नंतर कळलं. तिने हसून ऐकून घेतलं होतं, हा तिचा मोठेपणा.

परदेशी क्लबांकडून खेळून जे मिळालं, त्यातून तिने गावी मुलींसाठी मैदान बांधलं. गुडघा गेल्यावर ती मस्कतच्या एका शाळेत शिकवू लागली. आता तिला इब्राच्या मुलींसाठी फुकट वर्ग काढायचा होता. बुधवारी दुपारी बायकांसाठीचा एक हॉल मिळाला होता, पण मुलीच येत नव्हत्या. आजही कुणी आलं नाही, तर हॉल दुसऱ्यांना जाणार होता.

वाटेत दोन्ही बाजूंना भाजलेल्या वांग्याच्या सालीच्या रंगाचे डोंगर होते. झाड औषधालाही नाही. आम्ही फारसं बोललो नाही. मोडक्या इंग्रजीत किती बोलणार?

इब्रात बुधवारी बायकांचा बाजार भरतो. विकणाऱ्या बायका, घेणाऱ्याही बायका, पुरुषांना मज्जाव. कापड, सुरमा, बखूर (घरात जाळायचा सुगंधी धूप) असं सगळं मांडलेलं होतं. भर बाजारात कुणाचा धक्का चुकवावा लागत नाही, हे सुख मी या वयात पहिल्यांदा अनुभवलं.

काखेत बॉल घेऊन नीमा एकेका आईला अरबीत विचारत होती. सगळ्या गोड हसून "इन्शाल्ला" म्हणत होत्या. इन्शाल्ला म्हणजे आपल्याकडचं "बघू". मी पालकसभा पुष्कळ घेतल्या आहेत, त्यामुळे मला भाषांतराची गरज पडली नाही.

शेवटी एका म्हातारीने आम्हाला काहवा (वेलचीची कडू कॉफी) दिला. ती परकर-झगे विकत होती. तिलाही विचारून झालं होतं, तिचंही इन्शाल्ला येऊन गेलं होतं. रिकामा पेला परत देताना नीमा खाली वाकली आणि सवयीने म्हणून गेली, "शिकामो."

तिच्या स्वाहिली भाषेत थोरांना करायचा हा नमस्कार. अर्थ, तुमचे पाय धरते.

म्हातारीचा हात तसाच थांबला. "मरहबा," तिने त्या नमस्काराचं उत्तर हळूच दिलं, आणि मग स्वाहिलीतच जे बोलू लागली ते थांबेचना. तिचं बालपण नीमाच्याच देशातल्या झांझिबार बेटावर गेलं होतं. जिच्याशी ही भाषा बोलायची ती बहीण वारली होती आणि नातवंडांना अरबीशिवाय काही येत नव्हतं. हे सगळं नीमाने मला मागाहून सांगितलं. तेव्हा मी नुसती झग्यांच्या ढिगाशेजारी बसून होते. मला हेवा वाटला. मला तिथे कुणी "नमस्कार करते हं बाई" म्हटलं असतं, तर मीही सगळं दुकान तिच्या ओटीत घातलं असतं.

दुपारी हॉलवर आम्ही दशम्या खाल्ल्या आणि वाट पाहिली. नीमा दाराकडे पाहायचं टाळत होती. बऱ्याच वेळाने म्हातारी आली, सोबत नात मरियम. त्यांच्यामागून कुणीच आलं नाही.

"एकच?" मी म्हणाले.

"माझ्या लहानपणी आमच्या गावीही पहिली एकच आली होती," नीमा म्हणाली. "ती मी."

पण बॉल फिरवायला निदान तिघी लागतात. "यल्ला, मामा," म्हणजे चला, आई, अशी नीमाने मला हाक मारली. मी ओढणी कमरेला बांधून उतरले. दुसऱ्याच झेलाला बोट दुखावून घेतलं, पण सोडलं नाही. मरियमचा पहिला बॉल रिंगमधून गेला, तेव्हा तिघीही हसत होतो.

निघताना मरियमने अरबीत काही विचारलं. "पुढच्या बुधवारी या आजी येणार का, म्हणतेय," नीमाने सांगितलं.

माझं विमान रविवारी होतं. मी नकारार्थी मान हलवली. मरियमने बॉल जमिनीवर ठेवला.

तेवढ्यात म्हातारी भिंतीजवळून उठली, अंगावरचा काळा पायघोळ अबाया खोचत मैदानात आली आणि नीमाला काही म्हणाली.

"बाई कुठे उभ्या होत्या ते दाखवा, म्हणतात."

मी तिचा हात धरून तिला माझ्या जागेवर उभं केलं. "गुडघे थोडे वाकवा," मी सरळ मराठीत म्हटलं. तिने वाकवले. मला फार आनंद झाला, आणि त्याच क्षणी इतकं एकटं वाटलं की मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर आले.

आता कोरेगावात बुधवारी दुपारी मी घड्याळाकडे पाहते. नीमाचा नंबर आहे, पण वर्गाचं विचारत नाही. पाच-सहा जणी जमल्या असतील तर बरंच आहे. आणि नसतील, म्हातारीही दमली असेल, तर नीमा-मरियमने टाकलेला बॉल झेलायला मी इथून कशी जाणार?