आगापीछाताई आणि गुणगुणणारी खोली

ऑफिसात तिला सगळे आगापीछाताई म्हणत, आणि तेही तोंडावर. कुठले संगणक घ्यावेत, कसे चालवावेत, हा सल्ला कंपन्यांना देणं हे तिच्या फर्मचं काम. बाकीचे सल्लागार यंत्राचा वेग विचारत. ही विचारायची, "हे बनवताना काय काय जळलं? चालताना किती वीज खाणार? आणि मेल्यावर जाणार कुठे?" पाळण्यापासून भंगारापर्यंतचा हिशेब मांडल्याशिवाय तिच्या घशाखाली चहा उतरत नसे.

सासूबाईंना वाटे, सून म्हणजे जुन्याची पुजारीण. पण त्यांचा लाडका, घरघरणारा फ्रिज तिनेच काढायला लावला.

"अगं, जुनं टिकवावं असं तूच म्हणतेस ना?"

"आई, लॅपटॉप जन्माला येतानाच सगळ्यात जास्त नुकसान करून बसतो, म्हणून तो टिकवायचा. हा फ्रिज रोज नुकसान करतोय. रोग वेगळा, औषध वेगळं."

सासूबाई आठवडाभर फ्रिजची बाजू घेऊन भांडल्या. मग नव्या फ्रिजला दृष्ट लागू नये म्हणून त्याचं कौतुक हळू आवाजात करू लागल्या.

तर एकदा एका पार्सल कंपनीचं काम आलं. तिथल्या मोठ्या साहेबांना पर्यावरणाचा एकदम पुळका आला होता. सगळ्यांचे लॅपटॉप काढून नवे, कमी वीज खाणारे घ्यायचे, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं. ताईने फक्त मान डोलवायची होती. पण डोलवायची म्हटलं की ती मान नेमकी ताठ होते.

"साहेब, नव्या लॅपटॉपने जे बिघडवायचं, त्यातलं बरंचसं तुम्ही खोकं उघडण्याआधीच बिघडवलेलं असतं. आहेत त्यांना नव्या बॅटऱ्या घाला. अजून छान पळतील."

साहेबांचा चेहरा पडला. "म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"करायचं ना! तुमची संगणकांची खोली दाखवा."

ती खोली तळमजल्यावर होती आणि किल्ली कुलूपकाकांच्या कमरेला. काका त्या खोलीचे राखणदार. आत उंच कपाटांत यंत्रं रात्रंदिवस गुणगुणत होती, दिवे लुकलुकत होते. ताईने पहिल्या यंत्रावर हात ठेवला. "हे काय करतं, काका?"

"चालतं."

"ते दिसतंय. पण करतं काय?"

काकांनी आवाज खाली आणला. "ताई, खरं सांगू? माहीत नाही. माझ्या आधीच्यांनाही माहीत नव्हतं. बंद करायची कुणाची छाती होत नाही."

अशी यंत्रं निम्म्या खोलीत निघाली. ताईने तपासलं, तर कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे कुणी फिरकलंसुद्धा नव्हतं. आतली सगळी माहिती तिने आधी दुसरीकडे उतरवून घेतली. मग साहेबांकडे पाहून म्हणाली, "करूया बंद?"

साहेबांनी मान डोलवली. काकांनी डोळे मिटले. ताईने बटण दाबलं. पंखा हळूहळू थांबला आणि तिघं टेबलावरच्या फोनकडे टक लावून उभे राहिले. आता बोंब होणार! गोदाम ठप्प, गाड्या ठप्प!

फोन गप्प.

"अजून एक?" साहेब हळूच म्हणाले.

दुसरं बंद केलं. फोन गप्प. तिसरं काकांनी स्वतः केलं, आणि विहिरीत उडी मारून वर आल्यासारखे ते ओरडले, "जमलं!" मग काही विचारू नका. साहेबांनी कोट काढून खुर्चीवर भिरकावला. "हे माझं! ते तुम्ही घ्या, हे माझं!" पोरांनी फटाक्यांवरून भांडावं तसे दोघे पोक्त पुरुष बटणांवरून भांडायला लागले. ताई यादी बघून "हे नको, ते पगाराचं आहे!" असं किंचाळत मध्ये पडत होती आणि हसून हसून तिच्या पोटात दुखत होतं.

आणि फोन वाजला.

तिघं जागच्या जागी थिजले. कुणी उचलेना. शेवटी काकांनी उचलून कानाला लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा फुलत गेला.

"शेजारच्या हिशेबवाल्या बाई आहेत. म्हणतात, भिंतीतला तो भुंगा मेला का? एवढ्या वर्षांनी पहिल्यांदा डोकं शांत झालंय. पेढे कुणाला द्यायचे?"

साहेब मटकन जमिनीवरच बसले आणि डोळ्यांत पाणी येईतो हसले. ताई भिंतीला टेकली. इतकी वर्षं सल्ले देऊन तिने लोकांना जांभया आणल्या होत्या. आपल्या कामाने कुणाला असं खुळावलेलं ती पहिल्यांदाच पाहत होती. घरी जाताना ती बसमध्ये एकटीच खुदकन हसली, तेव्हा शेजारची बाई सरकून बसली.

लॅपटॉप राहिले, बॅटऱ्या बदलल्या. बंद यंत्रांचे धडधाकट भाग चालू यंत्रांच्या कामी आले आणि उरलेलं सामान रीतसर मोडणाऱ्यांकडे गेलं. नव्या लॅपटॉपच्या ऑर्डरवरचं कमिशन बुडालं म्हणून ताईचे वरिष्ठ दोन दिवस फुरंगटून होते. तेवढ्यात साहेबांनी आपल्या मित्रांना किस्सा रंगवून सांगितला, आणि "आमच्याकडेही एक खोली आहे हो" म्हणत माणसं रांगेत उभी राहिली.

ताई पार्सल कंपनीच्या दुसऱ्या शाखेत निघाली, तेव्हा कुलूपकाका आपणहून गाडीत येऊन बसले. रस्ताभर ते वरच्या पट्टीत, पूर्ण बेसूर गात होते. ताईने एकदा कानांवर हात ठेवून पाहिले. मग तीही त्यांच्याबरोबर गायला लागली.