अठरा पँटी उसवल्या तेव्हा

आज पहिली तारीख, मशीनला तेल घालायचा दिवस. त्या तेलाचा वास आला की आठ वर्षांपूर्वीचा जीन्सचा गठ्ठा आठवतो. मी बदलापुरात घरी बसून उल्हासनगरच्या एका शेठच्या पँटी शिवायचे. एका दुपारी प्रत्येक शिलाई मध्येच वाकलेली दिसायला लागली. मशीनला शिव्या घालत मी अठरा पँटी उसवल्या. नणंद आली, उरलेल्या एका पँटीच्या शिलाईला मोजपट्टी लावून म्हणाली, "वहिनी, शिलाई सरळ आहे. डोळे दाखवून या." मला ल्युपस हा जुना आजार आहे, पण तो सांध्यांपुरताच, असं मी धरून चालले होते. अंबरनाथच्या डॉक्टरीणबाईंनी थेंब घालून आत पाहिलं. "हा ल्युपसच. रोगाशी लढणारी शरीराची यंत्रणा आता तुमच्याच डोळ्यावर उलटलीय. पडद्यामागच्या रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून पडदा मधोमध फुगलाय, म्हणून सरळ रेघ वाकडी दिसते." "मग मशीन विकून टाकू?" मी विचारलं. "विकू नका, फक्त गोळ्या चुकवू नका. पडदा शाबूत आहे." शेठ फोनवर म्हणाला, "दीदी, पहले आँख देखो, माल रहने दो." दीड महिन्याने बाईंनी तपासायला चौकटींचा कागद हातात दिला. एकूण एक रेघ सरळ होती. बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "आता त्या मशीनची माफी मागा." तो कागद आजही मशीनसमोर चिकटवलेला आहे, आधी एकेका डोळ्याने त्याच्याकडे बघते, मगच दोरा ओवते. माफीबिफी काही मागितली नाही. त्या तपासणीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला तेल घातलं आणि त्या अठरा पँटी, आधी होत्या तशाच, परत शिवायला घेतल्या.