आर्डिसचं पहिलं नको

आर्डिस टॉलफसन चर्चच्या तळघरात शिडीवरून उतरावं तशी उतरायची. तोंड पायऱ्यांकडे, दोन्ही हात एकाच कठड्यावर, आधी डावा दुखरा पाय खाली, मग उजवा. तेरा पायऱ्यांना चार मिनिटं लागत. उतरताना कुणी बघू नये म्हणून ती सगळ्यांच्या अर्धा तास आधी यायची. पण गाव साडेतीनशे माणसांचं, आणि चर्चच्या समोरच लावॉनचं घर. बघायचं राहिलं होतं कोण?

एकतीस वर्षं आर्डिसनं गावच्या शाळेचं स्वयंपाकघर चालवलं. खाली सिमेंटची फरशी, पहाटे साडेपाचला ओव्हन सुरू करायचे, दोनशे मुलांची ताटं. ती निवृत्त झाली आणि महिनाभरात चर्चच्या बायकांनी तिच्याकडे मयताच्या जेवणाची जबाबदारी दिली. गावात कुणीही गेलं की दफनानंतर तळघरात जेवण असतं, आणि ते वेळेवर, गरम आणि सगळ्यांना पुरेल एवढं लागतं. तिला विचारलं तेव्हा ती नको म्हणाली होती. पुन्हा विचारलं तेव्हाही नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "बरं, दुसरं कुणी मिळेपर्यंत." त्याला आता नऊ वर्षं झाली.

मिनेसोटाच्या या भागात हे असंच चालतं. कॉफी घेणार का म्हटलं की म्हणायचं, नको, उगाच त्रास नको. पुन्हा म्हटलं की, खरंच नको, आत्ताच झाली. तिसऱ्यांदा म्हटलं की, बरं, अर्धा कप. मग माणूस दोन कप पितो. पहिल्याच विचारण्याला हो म्हणणारा एकतर हपापलेला असतो, नाहीतर परगावचा.

खुब्याचं निदान उन्हाळ्यात झालं. शहरातून महिन्यातून दोनदा काउंटीच्या रुग्णालयात येणाऱ्या डॉक्टरनं पडद्यावर फोटो दाखवला. गोळा आणि खोबण यांच्यामधली गादी पार संपली होती. हाड हाडावर घासत होतं. आर्डिसचा नवरा जन्मभर ट्रॅक्टर दुरुस्त करायचा, त्यामुळे तिला समजावून सांगावं लागलं नाही. बेअरिंग गेलं की वंगण घालून भागत नाही, बदलावंच लागतं, हे तिनं त्याच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं.

"शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" डॉक्टरनं विचारलं.

"तीन," आर्डिस म्हणाली.

गाडी चालवत तिला घेऊन आलेली लावॉन कोपऱ्यात बसली होती. "आठ लिहा," ती म्हणाली. "ही बाई बाळंत होतानाही म्हणाली होती, नर्सला घाई नाही, सावकाश येऊ द्या."

लावॉनचा स्वतःचा खुबा दोन वर्षांपूर्वी बदलला होता आणि तेव्हापासून ती खुब्यांची प्रचारक झाली होती. रोज सकाळी फोन करायची. "उठलीस? कशी उठलीस ते सांग. पलंगाची कड धरून की देवाचं नाव घेऊन?"

"चाललंय," आर्डिस म्हणायची. "याहून वाईट असतं माणसांचं."

शस्त्रक्रियेची तारीख मिळाली ती मार्चची. मधे कुणी रद्द केलं तर आधी बोलावू, असं कळलं. लावॉन आणि मर्ना दोघींनी लगेच तयारी सुरू केली. मर्ना चर्चमधली तिसरी बाई, कमी बोलणारी, आणि बोलली की कापणारी. तिनं आपल्या फ्रीजरमध्ये खिमा-बटाट्याच्या भाजलेल्या हॉटडिशचे सहा ट्रे आर्डिसच्या नावानं चिकटपट्ट्या लावून ठेवले. लावॉननं स्वतःचं वॉकर आणि संडासावर बसवायची उंच बैठक माळ्यावरून काढून धुतली. ती बैठक आर्डिसच्या दारात, भरदिवसा, रस्त्यावरून सगळ्यांना दिसेल अशी आणून ठेवली.

आणि मग ऑक्टोबरमध्ये फोन आला.

शस्त्रक्रियांच्या तारखा ठरवणारी ब्रियाना नावाची मुलगी होती. नवऱ्याच्या नोकरीमागे ॲरिझोनाहून इकडे आलेली, आवाज अगदी गोड. "मिसेस टॉलफसन, पुढच्या मंगळवारी एक जागा रिकामी झालीय. तुम्हाला देऊ का?"

आर्डिस तेव्हा सिंकला टेकून उभी होती. सकाळपासून ती तीनदा रडकुंडीला आली होती. एकदा तर नुसता मोजा घालताना. "अगं, नको," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा जास्त गरज असेल कुणालातरी."

आणि थांबली. आता पलीकडच्या माणसाची पाळी होती.

"ठीक आहे, काही हरकत नाही," ब्रियाना म्हणाली. "मार्चची तारीख आहेच तुमची. दिवस छान जावो."

फोन बंद झाला.

पोरगी परत फोन करेल, आर्डिसला वाटलं. असं कसं कुणी एकदाच विचारेल? दोन दिवस तिनं फोन एप्रनच्या खिशात ठेवला, अंघोळीला जाताना बेसिनवर. तिसऱ्या दिवशी टेबलावर ठेवला. आपण पुन्हा फोन करावा असं तिच्या मनात एकदाही आलं नाही. दिलेली गोष्ट घेणं तिला तीनदा विचारल्यावर जमायचं. मागणं कधीच जमलं नव्हतं.

तिनं कुणाला सांगितलं नाही. लाज तर होतीच, पण तिच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती रोज सकाळी पलंगाच्या कडेवर बसलं की वर यायची. फोन बंद झाला तेव्हा तिला हायसं वाटलं होतं. तिची आई बर्फावर पडून खुबा मोडून रुग्णालयात गेली, तिथून वृद्धाश्रमात गेली, आणि वाहनतळाकडे बघणाऱ्या एका खिडकीशी तीन वर्षांनी वारली. स्वयंपाकघरात सिंकमध्ये ठेवलेला कप तिनं पुन्हा कधी पाहिला नाही. तो आर्डिसनं धुतला. आईचा खुबा मोडला होता, आपला झिजलाय, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला डोक्यानं कळत होतं. पण पाय सकाळी डोक्याचं ऐकत नाहीत.

दिवस लहान होत गेले. तिनं वरच्या मजल्यावर झोपणं सोडलं आणि दिवाणखान्यातल्या आरामखुर्चीत झोपू लागली. पोस्टाची पेटी रस्त्याच्या कडेला होती. पत्रं ती आता एक दिवसाआड आणायची.

नोव्हेंबरच्या दुसऱ्या शुक्रवारी म्हाताऱ्या आल्मा रुस्टचं दफन होतं. तळघरात ऐंशी माणसांचं जेवण. आर्डिस उंच स्टुलावर बसून पावांना लोणी लावत होती, मर्ना बदामी रंगाच्या खजुराच्या वड्या कापत होती, लावॉन कॉफीचं मोठं भांडं सांभाळत होती. माणसं वरून उतरू लागली तसं आर्डिसनं सवयीनं जिन्याकडे बघितलं.

हार्लन ब्रेके उतरत होता. बीट पिकवणारा, अंगानं दांडगा, आणि गेली दोन वर्षं बदकासारखा झुलत चालणारा. तो सरळ उतरत होता. तोंड समोर, काठी मनगटाला अडकवलेली, एका पायरीवर एक पाय.

"बघा," तो स्वयंपाकघर आणि जेवणाचा हॉल यांच्यामधल्या वाढायच्या खिडकीशी येऊन म्हणाला. "ऑपरेशनला पाच आठवडे झाले फक्त."

"माझ्या वेळच्या मानानं तीन दिवस मागे आहेस," लावॉन म्हणाली. "मी पाचव्या आठवड्यात नाचले होते."

"तू आधीपण नाचायचीस. तेव्हाही बघवत नव्हतं." त्यानं कॉफी घेतली. "माझं नशीब बघ. मला खरं तर फेब्रुवारी दिला होता. ती पोरगी फोनवर म्हणते, मंगळवारी जागा आहे, आधीच्या माणसानं नको म्हटलं. मी म्हटलं, त्यांना नक्की नकोय का? म्हणाली, हो. मी म्हटलं, परत विचारा. म्हणाली, गरज नाही. मी म्हटलं, एकदा तरी विचारा. शेवटी ती वैतागली, म्हणाली, मिस्टर ब्रेके, तुम्हाला हवंय की नाही? कोण तो भला माणूस होता कुणास ठाऊक. देव त्याचं भलं करो."

आर्डिसची सुरी पावावर थांबली. मग तिनं त्याच पावाला दुसऱ्यांदा लोणी लावलं. मर्नानं ते पाहिलं. लावॉननं हार्लनकडे पाहिलं, मग आर्डिसकडे, आणि कॉफीच्या भांड्याचा नळ बंद केला.

माणसं तीनच्या सुमारास पांगली. लावॉन दुसरं स्टूल ओढून आर्डिसच्या समोर बसली.

"कधी आला होता फोन?"

"कसला?"

"आर्डिस."

"ऑक्टोबरात," आर्डिस म्हणाली. "मी एकदाच नको म्हटलं. ती पोरगी लगेच ठीक आहे म्हणाली."

लावॉननं डोळे मिटले. "ॲरिझोनाची आहे ती. तिला काय माहीत? तिकडे लोक नको म्हणतात तेव्हा त्यांना नकोच असतं."

"असं कसं राहतात माणसं," आर्डिस म्हणाली.

मर्ना वड्यांचं ताट घेऊन आली. ऐंशी माणसांनी खाऊन त्यात एक वडी उरली होती. खरं तर अर्धी, अर्धीतलीही अर्धी. शेवटची वडी कुणी घेत नाही, प्रत्येक जण कापून निम्मी ठेवतो. "एवढंच कारण होतं?" तिनं विचारलं. "शिष्टाचार?"

आर्डिसची डावी मांडी आतून जळत होती आणि ती फार दमली होती. खोटं बोलायलाही ताकद लागते, आणि ती आता तिच्याकडे उरली नव्हती.

"आईसारखं होईल असं वाटतं," ती म्हणाली. "जाईन आणि परत घरी येणार नाही."

लावॉन तोंड उघडून काहीतरी म्हणणार होती. मर्नानं तिच्या पोटरीला बुटानं हलकेच ढकललं.

"तुझ्या आईला भेटायला मी जायचे," मर्ना म्हणाली. "तिची हाडं खडूसारखी झाली होती. शिवाय दहा तास ती अंगणात पडून होती, कारण शेजाऱ्यांना हाक मारून त्रास द्यायचा नव्हता. आठवतं ना?"

आर्डिसला आठवत होतं. ते ती आजवर दुसऱ्याच तऱ्हेनं सांगत आली होती: आई किती सोशिक होती म्हणून.

"साडेचारपर्यंत ऑफिस उघडं असतं," लावॉन म्हणाली. "फोन कर आणि सांग, रद्द झालेली पुढची जागा मला द्या."

"मीच नको म्हटलं, आणि आता मीच मागू?"

"हो. आधी सराव करू. मी ब्रियाना." लावॉननं आवाज गोड केला. "मिसेस टॉलफसन, ही वडी घेणार का?"

"नको, तू घे."

"चुकलं. परत. मिसेस टॉलफसन, ही वडी?"

"अगं, मला खरंच नकोय, मघाशी..."

"मर्ना, हिला खिडकीतून टाकून देऊ का?"

"तळघर आहे," मर्ना म्हणाली. "वर न्यावी लागेल."

आर्डिसला हसू आलं आणि हसताना खुब्यात कळ गेली, तशी ती स्टुलाची कड धरून बसली. चेष्टा तिथंच संपली. लावॉननं फोन काढला, नंबर लावला आणि आर्डिसच्या हातात दिला.

ब्रियानाच होती. आर्डिसनं नाव सांगितलं. "मला विचारायचं होतं," ती म्हणाली, "म्हणजे तुम्हाला अडचण नसेल तर, आणि दुसऱ्या कुणाला नको असेल तर..."

लावॉननं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. जोरात.

"मला जागा हवीय," आर्डिस म्हणाली. "लवकर. मला आठ दुखतं."

पलीकडे कीबोर्डचा आवाज आला. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या सोमवारची एक जागा होती. सणात कुणाला पलंगावर पडायचं नसतं, म्हणून तिघांनी नाकारली होती. सकाळी सहाला यायचं. "देऊ का तुम्हाला?"

दर थँक्सगिव्हिंगला आर्डिसचा मुलगा, सून आणि नातवंडं फार्गोहून यायची. टर्की आर्डिस करायची. त्रेचाळीस वर्षं तीच करत आली होती. तिचं तोंड नकारासाठी उघडलं सुद्धा. समोर दोघी बसल्या होत्या. त्यांना पलीकडचं ऐकू येत नव्हतं आणि त्या काही सुचवत नव्हत्या.

"हो," आर्डिस म्हणाली.

"छान. तुमचं नाव टाकलं." इतकंच. कुणी परत विचारलं नाही, कुणी नवल केलं नाही. "मंगळवारी रक्ततपासणीला या. आणि घरी आल्यावर पहिले दहा दिवस रात्री सोबत कोण असेल, त्यांचं नाव लिहायचंय मला."

लावॉननं उन्हाळ्यापासून वीसदा तरी म्हटलं होतं, मी येऊन राहीन. आणि वीसदा आर्डिसनं म्हटलं होतं, कशाला, जमेल माझं मला. आता लावॉन कॉफीचं भांडं पुसत होती आणि मुद्दाम वर बघत नव्हती.

"लावॉन," आर्डिस म्हणाली. "दहा रात्री. येशील का माझ्याकडे?"

"दहा रात्री तुझी ती पाणचट कॉफी?" लावॉन भांडं पुसतच म्हणाली. "येईन."

"येईन म्हणतेय," आर्डिसनं फोनमध्ये सांगितलं आणि लावॉनचं नाव लिहायला दिलं.

फोन ठेवल्यावर तिला आनंद झाला नाही. भीती होती तेवढीच होती, आईची खिडकीही होती तिथंच. फक्त सोमवार ठरला होता. शाळा सुटल्यावर रिकाम्या स्वयंपाकघरात वाटायचं तसं तिला वाटलं. तिनं स्टुलावरून उतरून हॉलमधली एक खुर्ची ओढली आणि टेकून बसली. मुलाला फोन करायचा होता. संध्याकाळी करू म्हणून ठेवून दिला.

मर्ना आणि लावॉन आवरायला लागल्या. टेबलं पुसली, खुर्च्या एकेक करून उलट्या टेबलांवर चढवल्या. आर्डिस उठली नाही. मी करते, असंही म्हणाली नाही. हॉलभरच्या सगळ्या खुर्च्या वर गेल्या. तिच्याखालची तेवढी राहिली.