पेट्यांच्या शेडमधली अमेरिका

परंदवडीच्या शकुमावशींच्या भाषणाचा तो तुकडा मी कापला. मोबाईलवर ज्यांनी तो पाहिला, त्यांच्यातले बहुतेक जण मावशींना कधी भेटले नाहीत आणि आता भेटणारही नाहीत. गेल्या हिवाळ्यात मावशी गेल्या. पूर्ण भाषण मी फार उशिरा टाकलं आणि ते थोड्यांनीच पाहिलं. बाकीच्यांच्या मनात मात्र ‘कारखाना बंद पडला तर पडू द्या’ म्हणणारी एक माजोरी बाई अजून जिवंत आहे. ती बाई मी तयार केली. खरी कशी होती, ते सांगायचं माझ्याकडून राहून गेलं आहे.

घोरावाडी स्टेशनजवळच्या एका खोलीतून मी मावळच्या बातम्यांचं छोटंसं चॅनेल चालवतो. बातमीदार मीच, कॅमेरा धरणारा मीच, आणि नंतर बसून काटछाट करणाराही मीच. एकदा रस्त्यातल्या खड्ड्यांची बातमी करायला परंदवडीला गेलो होतो. रस्त्याकडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये एक बाई लाकडी पेटीला खिळे मारत होत्या. साडीवर नवऱ्याचा जुना फुलशर्ट, कपाळावर भुसा, कानात इअरफोन. मी खड्ड्यांबद्दल विचारलं, तर त्यांनी हातोड्यासकट हात वर करून मला थांबवलं.

“जरा दम धर. मतांची मोजणी चाललीय.”

“कुठली? ग्रामपंचायतीची?”

“ग्रामपंचायतीची कशाला? अमेरिकेतल्या ओहायोची!”

मला वाटलं, बाई चेष्टा करतेय. चेष्टा अजिबात नव्हती. उर्से टोलनाक्याच्या बाजूला एका कारखान्यात गाड्यांचे जड सुटे भाग तयार होत आणि ते अमेरिकेला जात. ते ज्या पेट्यांमध्ये बसून जात, त्या पेट्या मावशींच्या शेडमध्ये ठोकल्या जात. नवरा गेल्यावर दिरांनी शेड विकायला सांगितली होती. मावशींनी नवऱ्याचा शर्ट अंगात चढवला आणि दुसऱ्या दिवशी करवत सुरू केली.

“माजी पेटी समुद्र वलांडून जाती,” त्या मला म्हणाल्या. “ती ज्या घरात जाती तितं काय चाललंय, ते मला कळाय नको व्हय? लेक दिल्यावर चौकशी करतोच की आपन.”

त्यांचे वडील रेल्वेत होते. लोणावळ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये त्या वाढल्या आणि तिथल्या शाळेत बऱ्यापैकी इंग्रजी शिकल्या. त्यामुळं इंग्रजी लोणावळ्याचं आणि मराठी परंदवडीचं, असा त्यांचा मेळ होता. सकाळी करवत सुरू व्हायच्या आधी त्या अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या लोकांची भाष्यं ऐकत. कर कमी असावेत, सरकार लहान असावं, माणसानं आपल्या कष्टावर उभं राहावं, घर आणि शेजार धरून ठेवावा, हे सगळं त्यांना मनापासून पटलं होतं. शेडच्या कोपऱ्यात बुद्धांची तसबीर होती. तिच्याखाली खडूनं त्यांनी स्वतःचं एक वाक्य लिहून ठेवलं होतं : सरकारनं दारात गिऱ्हाईक म्हणून यावं, सासरा म्हणून नाही.

मला त्यांचं बोलणं इतकं आवडलं की आम्ही दर रविवारी कार्यक्रम सुरू केला. मावशी एका पालथ्या पेटीवर बसायच्या आणि अमेरिकेतल्या आठवड्याचा समाचार घ्यायच्या. तिकडं विद्यार्थ्यांची कर्जं माफ करायची चर्चा चालली, तेव्हा त्या म्हणाल्या, “कर्ज काढलं कुनी? पोरानं. शिकलं कोन? पोरगं. फेडनार कोन? तर जो कालिजात गेलाच न्हाई, तो नळ दुरुस्त करनारा गडी. ही दया न्हाई, सुभाष. दुसऱ्याच्या खिशात हात घालून केलेली दया हाय.” साबणाच्या एका मोठ्या कंपनीचा प्रमुख जगाला नीतीचे धडे देऊ लागला, तर म्हणाल्या, “लेका, साबन इकतोस न्हवं? मग साबन ईक. मला शहानपन शिकवू नगंस, फेस येतो का ते सांग.”

मी तरुणपणी कारखान्यात युनियनचं काम केलेलं. मला हे सगळं गिळवत नसे. कॅमेरा बंद झाला की आमची जुंपायची.

“मावशी, तुम्ही मालक आहात, म्हणून तुम्हाला हे सुचतं.”

“मालक?” त्यांनी डाव्या हाताचा अंगठा माझ्या नाकासमोर धरला. नख काळंनिळं होतं. “मालक म्हंजे महिन्याच्या शेवटाला सगळ्यांचं भागल्यावर ज्याला उरलंसुरलं मिळतं, तो. कळलं का, कॉम्रेड?”

त्यांच्याकडं माल वाहणारा टेम्पोवाला बाळू घाटात अपघातात सापडला. मावशी सकाळीच निघाल्या आणि सगळ्या टेम्पोवाल्यांना, लाकूडवाल्यांना, अगदी माझ्यासारख्यांनाही गाठून त्याच्या घरच्या किराण्याची सोय लावून आल्या. “हे शेजाऱ्याचं काम हाय, मंत्रालयाचं न्हाई,” म्हणाल्या. पण ऑपरेशन सरकारी योजनेतून करायचं ठरलं आणि अर्जासाठी त्याच स्वतः रांगेत उभ्या राहिल्या. मला टोमणा मारायची संधी मिळाली.

“काय मावशी, सरकार लहान असावं ना?”

“लहान म्हनलं, मेलं पायजे असं न्हाई म्हनलं. बाळूनं डिझेलवर कर भरलाय. त्याचं त्यो घेतोय. तू गप रांग धर, मी पानी पिऊन येते.”

असं त्यांचं होतं. विचार पक्का, पण माणूस समोर आला की त्याच्याकडं बघून बोलायच्या. आपल्या बाजूचा चुकला तर त्यालाही सोडायच्या नाहीत. तसं न सोडण्यातूनच पुढचं सगळं घडलं.

अमेरिकेनं भारतातून येणाऱ्या मालावर आयात जकात वाढवली. उर्स्याकडच्या त्या कारखान्याच्या ऑर्डरी कमी झाल्या आणि ठेक्यावरच्या कामगारांना घरी बसवलं गेलं. मावशींच्या शेडमध्ये तयार पेट्या छतापर्यंत पोचल्या. त्या रविवारी मावशी एरवीपेक्षा हळू बोलल्या. त्यांचे शब्द मला पाठ आहेत.

“जकात लावली ती माज्याच बाजूच्या मानसांनी. तरी मी सांगते, चुकलं त्यांचं. बाजार मोकळा पायजे म्हनायचं आन् दारात आडवी काठी लावायची, हे जमत न्हाई. जकातीच्या आडोशानं जगनारा तिकडचा कारखाना बंद पडला तर पडू द्या, मी हेच म्हनत आलेय. पन आपला हितला कारखाना तसा न्हाई. ह्यो चांगल्या मालाच्या जोरावर तितवर पोचलाय. ह्यो टिकला पायजे. आन् त्यातला मानूस त्याच्या आदी टिकला पायजे.”

त्या दिवसांत माझ्या चॅनेलकडं कुणी फिरकत नव्हतं. अर्धा तास कोण ऐकणार, असं मी स्वतःला सांगितलं. ‘कारखाना बंद पडला तर पडू द्या, मी हेच म्हनत आलेय,’ एवढेच शब्द ठेवले. मागचा ‘तिकडचा’ गेला, पुढचं ‘पन’ गेलं. वर लिहिलं : मावळच्या उद्योजिकेचं परखड मत. दोन दिवसांनी पूर्ण भाषण टाकू, लोक उत्सुकतेनं बघतील, असा माझा हिशेब होता.

दोन दिवसांत तो तुकडा कामगारांच्या सगळ्या ग्रुपवर फिरला. खाली शिव्या होत्या. मी घाबरलो. आता पूर्ण भाषण टाकलं तर काटछाट माझी, हे उघड होणार. मी ते टाकलंच नाही.

मावशींनी मला बोलावून विचारलं, “फुडचं मागचं कुटं गेलं रं?”

“फाईल खराब झाली, मावशी. तेवढाच तुकडा वाचला.”

त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, “यंत्र हाय. आपली करवत बी मोडतीच की.” आणि मला चहा दिला. तो चहा मी प्यायलो, हेही सांगून टाकतो.

त्यांच्याकडं खिळे मारणाऱ्या बायकांनी यायचं बंद केलं. सगळ्यात जुनी सारिका. तिचा नवरा दत्ता त्याच कारखान्यात ठेक्यावर होता आणि त्याच आठवड्यात घरी बसला होता. तीही आली नाही. वाण्याच्या दुकानात मावशी शिरल्या की माणसं बोलायची थांबत. मावशींनी कुणाला खुलासा दिला नाही. रविवारी मात्र वेळेवर पेटीवर येऊन बसल्या. “लाव कॅमेरा. मला तोंड लपवायची सवय न्हाई.”

हातपाय गाळून बसणं त्यांना ठाऊकच नव्हतं. एका सकाळी त्या लोणावळ्याला गेल्या आणि तिथल्या एका नव्या रिसॉर्टला पेटीच्या लाकडाची टेबलं आणि बाकडी करून द्यायचं काम घेऊन आल्या. “अमेरिका घेत न्हाई तर मुंबईकर घेईल,” म्हणाल्या. पावसाळी गर्दी सुरू व्हायच्या आत सगळं द्यायचं होतं. काम हातात होतं, लाकूड होतं, पण माणसं नव्हती. हे काम गेलं तर शेड विकावी लागणार होती, आणि दीर त्यासाठी टपूनच बसले होते.

“चल माज्यासंगं,” त्या मला म्हणाल्या. “कॅमेरा नगं. नुसता चल. तुला समदी वळखत्यात.”

दत्ता घराच्या पायरीवर बसला होता. उठला नाही.

“या, अमेरिकेच्या मावशी. काय म्हनतंय वॉशिंग्टन?”

“त्याचं बरं चाललंय. तुजं काय?”

“माजं काय असनार? तुमी म्हनलात, बंद पडू द्या. पडलं आमचं.”

“काम हाय माज्याकडं, दत्ता. बाकड्याचं. तू ये, सारिकाला बी धाड.”

“म्हंजे आमी घरी बसायचीच वाट बघत व्हता म्हना. आता स्वस्तात मिळू व्हय?”

आसपासच्या घरांतून माणसं बाहेर आली. सारिका दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात परात तशीच होती.

“मावशी, दुसऱ्यानं सांगितलं असतं तर मी त्याच्या तोंडावर खोटं म्हनले असते. पन मी माज्या कानानं ऐकलं. एवडी वर्सं तुमच्या शेजारी बसून खिळं मारलं मी. माज्या घरात चूल पेटती का न्हाई, ह्याचा जरा बी इचार आला न्हाई तुमाला?”

मावशी पहिल्यांदाच थोड्या अडखळल्या. “तू ऐकलंस ते मी बोलले, सारे. न्हाई म्हनत न्हाई. पन तेवडंच न्हाई बोलले. लय बोलले व्हते, तुमच्यासाठीच बोलले व्हते. ते दाखवाया माज्याजवळ न्हाई.”

“व्हय तर!” दत्ता माझ्याकडं बघून हसला. “नेमकं तेवडंच हरवलं.”

मावशी चटकन माझ्या पुढं आल्या. “ह्याच्याकडं बघू नगंस. ह्यो खोटं बोलायचा न्हाई. यंत्र बिगडलं, त्यात ह्या गरिबाचा काय दोष? बोलायचं ते मला बोल.”

सगळ्या आळीसमोर त्या माझी बाजू घेत होत्या आणि ते पूर्ण भाषण माझ्या खिशातल्या मोबाईलमध्ये होतं.

मी म्हणालो, “दत्ता, फाईल खराब झाली नव्हती.”

मी मोबाईल काढला, आवाज मोठा केला आणि सुरुवातीपासून लावलं. माणसं जवळ सरकली. जकात, दारातली आडवी काठी, तिकडचा कारखाना. ‘पन’ आलं तसा दत्ता पायरीवरून उठला. त्यातला माणूस त्याच्या आधी टिकला पाहिजे, हे आलं तेव्हा सारिकानं परात खाली ठेवली आणि पदर तोंडाला लावला. मावशी मोबाईलकडं बघतच नव्हत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या.

भाषण संपल्यावर सारिका पुढं आली. “उद्या कवा येऊ, मावशी?”

“आठला. ह्याला बी आन.”

दत्तानं मान खाली घालूनच हो म्हटलं. मग मावशी माझ्याकडं वळल्या. रागानं बोलल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

“का रं, सुभाष?”

मी आळीकडं बघून बोलू लागलो होतो. थांबलो, आणि त्यांच्याकडं तोंड केलं.

“लोकांनी बघावं म्हणून कापलं, मावशी. मला कळत होतं, तरी कापलं. मग अंगाशी आलं तेव्हा तुमच्याशी खोटं बोललो, आणि तुमचं सगळं हातातून जाताना बघत राहिलो. आज तुम्ही माझ्यासाठी यांच्याशी भांडलात. हा तुकडा मी माझ्या नावानं मागं घेतो, पूर्ण भाषण टाकतो, आणि कापणारा मी होतो हेही त्यावर लिहितो. पण आधी तुम्हाला सांगायचं होतं. माझं चुकलं. मला माफ करा.”