शोनेदबाईची टाच

वेल्समधल्या पेंडाइनच्या किनाऱ्यावर वाळू घट्ट आहे की भुसभुशीत, हे शोनेद प्रोसरची टाच सांगायची. चाळीस वर्षं ओहोटीला वाकून तिसऱ्या, म्हणजे खाण्याच्या शिंपल्या, वेचणारी ही विधवा बाई. गाढवाशी गोडीत बोलायची आणि माणसांवर खेकसायची. मोटारीचा वेगविक्रम करायला आलेल्या इंग्रज कॅप्टन थर्लोने तिलाच कामाला लावलं. रोज अनवाणी चालून वाळू तपासायची आणि टायर कापणारे शिंपले उचलायचे.

मोटार कसली, धूडच ते! महायुद्ध संपल्यावर बेकार झालेलं विमानाचं इंजिन चार चाकांवर चढवलेलं. ते सुरू झालं की प्रार्थनाघराच्या खिडक्या थडथडायच्या आणि शोनेदबाईच्या पोटात गुदगुल्या व्हायच्या. एकदा तरी यात बसायचंच, हे खूळ पहिल्याच दिवशी तिच्या डोक्यात शिरलं.

तिने तसं बोलून दाखवलं तेव्हा सगळे फिदीफिदी हसले. शेजारची जागा एकच, आणि ती मेकॅनिक बेट्सची.

"जाऊबाई, साठी आली तुमची," धाकटी जाऊ हाना म्हणाली. "आता चार खांद्यांवरून जायचं, चार चाकांवरून नव्हे!"

"मग तू पुढे हो, आणि माझी जागा धरून ठेव," शोनेदबाई म्हणाली.

आठवडा असाच गेला. शेवटच्या दिवसाच्या आदल्या दिवशी तिने "आज नको" म्हणून बजावलं होतं, तरी कॅप्टनने मोटार काढली. ती चाकांच्या आसापर्यंत रुतली आणि बेट्स तोंडावर आपटला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोटार लंडनला परत जायची होती.

त्या शेवटच्या दिवशी सकाळी शोनेदबाईने मैलभर टाच आपटत जाऊन सांगितलं, "आज दगड आहे नुसता. पण अर्ध्या तासात उरका, भरती येतेय."

बेट्सने हात झटकले. "काल नाकातोंडात वाळू गेली माझ्या. म्हातारीला एवढी खात्री आहे ना? मग तिलाच बसवा!"

गावचे शाळामास्तर हे इंग्रजीतलं बोलणं वेल्शमध्ये सांगत होते. त्यांचं वाक्य संपेपर्यंत शोनेदबाई परकर गोळा करून आत बसलीसुद्धा!

"उतरा बाई," कॅप्टन म्हणाला.

"वाळू घट्ट आहे, आणि मीही," ती म्हणाली. "काम काय ते सांगा."

काम एवढंच, की हातपंप मारून पेट्रोल चढतं ठेवायचं. गावच्या पाण्याच्या पंपावर जन्म काढलेल्या बाईला ते काय अवघड! कॅप्टन हसला आणि मोटार सुटली.

तिची टोपी उडाली, अंबाडा सुटला. हाना "थांबवा, थांबवा" ओरडत धावली आणि तिसऱ्यांच्या टोपलीला अडखळून बसकण मारती झाली. गाढवाने तर असा सूर लावला, की इंजिनालाही लाज वाटावी. शोनेदबाई पंप मारत होती आणि मोठमोठ्याने किंचाळत होती. भीतीने नव्हे, निव्वळ आनंदाने.

विक्रम थोडक्यात हुकला. पुन्हा प्रयत्न करायला वेळ नव्हता, पाणी वर चढू लागलं होतं. कॅप्टन डोकं धरून बसला. शोनेदबाईचे हसून हसून डोळे वाहत होते.

"काय दिसलं हो जाऊबाई, एवढ्या वेगात?" हानाने विचारलं.

"समुद्र गं," ती म्हणाली. "चाळीस वर्षं इथे येतेय, पण मान खाली. तो एवढा मोठा आहे, हे मला कुणी सांगितलंच नाही!"