वेशीवरचे तपासनीस

मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. रंगनाथतात्यांबद्दल मी बोलणार आहे. जिवंतपणी त्यांच्या तोंडावर बोलायला आमच्या गावात कुणी धजलं नाही, आणि न धजणाऱ्यांत मीही होते.

तात्या एसटीत तिकीट तपासनीस होते. निवृत्त होऊन गावी आले, पण हात काही शांत बसेनात. कुणाच्या हातात कागद दिसला की घ्यायचे, उन्हाकडं धरायचे आणि एक डोळा मिटून बघायचे. माझं अंगणवाडीचं हजेरीपुस्तक त्यांनी असंच बघितलं होतं. भाचीच्या लग्नाची पत्रिकासुद्धा सोडली नाही. वर म्हणायचे, "कागद न्हाय तर माणूस न्हाय. तीस वर्षं बघितलंय म्या."

मग शेतातल्या दोन पाण्याच्या मोटारी चोरीला गेल्या आणि तात्यांना नोकरी परत मिळाली. त्यांनी ग्रामसभेत ठराव आणला की फिरत्या विक्रेत्यांनी पोलीस ठाण्याचा दाखला दाखवल्याशिवाय गावात पाऊल ठेवू नये. सगळ्यांनी हात वर केले, मीही केला. दुसऱ्या दिवशी वेशीवर पाटी लागली आणि पाटीखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीत तात्या बसले. अंगावर खाकी नव्हती एवढाच फरक.

पहिल्याच बुधवारी त्यांनी हमीदाचाचीला अडवलं. चाची दर बुधवारी बेंबळीहून डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन यायची. गावातली निम्मी लग्नं तिच्या हातच्या हिरव्या चुड्यानं लागलेली, खुद्द तात्यांच्या बायकोचा, काकूंचा चुडाही तिनंच भरलेला.

"कागद?" तात्यांनी विचारलं.

"काय चेष्टा करता, तात्या? मला वळखत न्हाय व्हय तुमी?"

"वळख येगळी, कागद येगळा."

चाची दोनदा ठाण्यात जाऊन आली. तिथं अर्ज ऑनलाइन करायला सांगितलं, आणि ऑनलाइन करायला गेली तर बोटांचे ठसे उमटेनात. आयुष्यभर काचेवर घासलेली बोटं ती, कुठून उमटणार? गाव बंद म्हणजे तिची चूल बंद, हे आम्हा बायकांना कळत होतं. तात्या मात्र म्हणाले, "नियम म्हंजे नियम." मोटारी काय तिनं टोपलीत घालून नेल्या असत्या?

त्याच महिन्यात एक पांढऱ्या शर्टातला माणूस चारचाकीतून आला. गळ्यात प्लॅस्टिकचं ओळखपत्र, फाइलीत दहा शिक्क्यांचे कागद. तात्यांनी एकेक कागद उन्हाकडं धरला, खूश झाले आणि त्याला स्वतःच्या घरी नेऊन चहा पाजला. गुडघेदुखीचा विजेवर चालणारा पट्टाही घेतला. तिसऱ्या दिवशी पट्ट्यातून धूर निघाला आणि त्या माणसाचा फोन लागेना. गाव हसलं. तात्या लंगडत खुर्चीत येऊन बसले आणि म्हणाले, "पण कागद बरूबर हुते."

पुढं त्यांच्या सविताचं लग्न ठरलं. काकूंनी हट्ट धरला, "माझ्या पोरीचा चुडा चाचीच भरल. न्हायतर हळद लागायची न्हाय." चाचीला निरोप गेला. ती आली आणि पाटीच्या अलीकडं, वेशीबाहेरच्या लिंबाखाली टोपली उतरवून बसली.

तात्या मोठ्या मनानं म्हणाले, "या, आजच्या दिवस सूट हाय."

"नको तात्या. कागद न्हाय तर माणूस न्हाय, तुमीच म्हनला. माणूसच न्हाय, तिच्या हातनं पोरीचा चुडा कसा भरता? मी हितंच बसते. भरायचा त्यानं यावं."

नवरी वेशीबाहेर गेली. मागून काकू, मी, सगळी आळी. चाचीनं सविताचा हात दाबून दाबून मऊ केला आणि एकही बांगडी न पिचू देता चुडा भरला. बांगड्या भरल्या की भरणारीच्या पाया पडायचं, ती कुणाच्याही घरची असो, ही आमच्याकडची रीत. सविता पडली, काकू पडल्या. चुड्याचा मान नवरीच्या बापानं स्वतःच्या हातानं द्यायचा असतो. तात्या पाटीपलीकडं उभे राहिले आणि लुगडं-नारळ माझ्या हाती धाडलं. चार पावलं होती, तेवढीही त्यांना टाकवली नाहीत. त्या दिवशी मला त्यांची किळस आली.

त्यानंतर दर बुधवारी चाची लिंबाखाली बसायची आणि गावातल्या बायका वेशीबाहेर जायच्या. तिची चूल पुन्हा पेटली. तात्या खुर्चीतून बघत राहायचे. वेशीबाहेर त्यांचा ठराव लागू नव्हता.

गेल्या उन्हाळ्यात तात्या झोपेतच गेले. वार नेमका बुधवार. तिरडी वेशीतून बाहेर निघाली तेव्हा चाची लिंबाखालीच होती. तिनं टोपलीवर फडकं टाकलं, उठून उभी राहिली आणि डोक्यावर पदर घेतला. मी तिच्या शेजारीच होते. तिरडी समोरून गेली तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "जावा तात्या, बिनघोर जावा. तिथं कुणी कागद न्हाय मागायचं."

चाचीचं मन मोठं. मी तिथं दारात असते, तर मागितला असता.