काळजी घेणारी व्यक्ती : आहे

वत्सलाला जाऊन आता दीड महिना होईल. त्या मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास फोन वाजला तेव्हा मी मुगाची डाळ धुवत होते. नंबर अनोळखी होता. ‘मॅडम, मी प्रणाली सिस्टर बोलते. फॉर्मवर दुसरा नंबर तुमचा आहे म्हणून लावला... तुम्ही लगेच येता का?’ मला वाटलं, मधुकरभाऊंचं काही झालं. वत्सलाचा नवरा चार वर्षांपासून लकव्यानं अंथरुणाला खिळलेला. आम्ही सगळेच मनातल्या मनात या फोनची तयारी करून बसलो होतो म्हणा ना. ऑटोत बसल्यावर त्यांच्या मुलीला, मौद्याच्या रजनीला, कसं सांगायचं याची वाक्यंसुद्धा मी जुळवत होते. पाचपावलीतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात शिरले, तर मधुकरभाऊ पलंगावर टक्क डोळे उघडे ठेवून पडलेले, आणि खाली चटईवर, पलंगाच्या कडेला डोकं टेकून बसलेली वत्सला... गेलेली. पहाटेच कधीतरी हृदय बंद पडलं असावं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. मधुकरभाऊंनी किती वेळ हाका मारल्या असतील कोण जाणे. त्यांचा आवाज दारापर्यंतही पोचत नाही. सिस्टरची महिन्याची फेरी नेमकी त्या दिवशी होती, म्हणून निदान दहा वाजता तरी कळलं.

वत्सला आणि मी एकाच गल्लीत वाढलो. दोघींच्याही घरी हातमाग. शाळेतून आल्यावर कांड्या भरायचं काम आम्हा मुलींकडे असे. माझं सूत दर दोन मिनिटांनी तुटायचं, तिचं कधी तुटलेलं मला आठवत नाही. ‘तू मास्तरीणच हो वं मालू, तुह्याच्यानं हे होत नाही,’ असं म्हणून ती माझ्या वाटणीच्या कांड्याही भरून टाकायची आणि मी तिला वाचून दाखवायची. मी खरोखरच मास्तरीण झाले. ती दहावीनंतर उमरेडच्या एका विणकर घरात पडली. माग बंद झाले तसे मधुकरभाऊ नागपूरला आले, हिंगण्याच्या कारखान्यात लागले. पहाटे कंपनीच्या बसला त्यांना डबा देणारी वत्सला मी वर्षानुवर्षं पाहिली. निवृत्त होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि ते न्हाणीत पडले. उजवी बाजू गेली, बोलणं तुटकं झालं.

घरी येऊन अशा रुग्णांना पाहणारी एक सरकारी सेवा आहे, हे मला एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं. फार मोठं काम केल्याच्या थाटात मी फॉर्म घेऊन वत्सलाकडे गेले. नाव, वय, आजार, सगळं मी भरत होते, ती मधुकरभाऊंना पेज भरवता भरवता उत्तरं देत होती. एका रकान्यात विचारलं होतं, घरी काळजी घेणारी व्यक्ती आहे का? मी पेन थांबवलं. तिला जिना चढताना दम लागतो, गुडघे धरतात, हे मला ठाऊक होतं. ‘काय लिहू वं?’ मी विचारलं. ती हसली. ‘आहे म्हणून लिही ना. मी काय मेली काय? नाही लिहिलं तं लोकं म्हणतीन, इले नवरा जड झाला.’ मी लिहिलं, ‘आहे’. पुढे कंसात ‘पत्नी’. त्याखाली काळजी घेणाऱ्याची प्रकृती विचारली होती. तिथे मी तिला न विचारताच ‘उत्तम’ लिहिलं, आणि तेही माझ्या सुवाच्य, शाळेच्या फळ्यावरच्या अक्षरात...

त्या एका शब्दाचा अर्थ मला पुढे कळला. ज्यांच्या घरी कुणी नाही त्यांच्याकडे सिस्टर दर आठवड्याला जाणार, ज्यांच्याकडे कुणी आहे त्यांच्याकडे महिन्यातून एकदा. सुरुवातीला त्या भागाला दोन सिस्टर होत्या. एकीचा करार संपला, तिची जागा भरलीच नाही. सेवेची गाडी दुसऱ्या कामाला लागली ती परत आली नाही. व्यायाम करवून घेणारा मुलगा दोनदा आला आणि नोकरी सोडून गेला. उरली एकटी प्रणाली सिस्टर. ती स्वतःच्या स्कूटीवरून कामठी रोडपर्यंतची घरं करायची, जेवणाचा डबा बहुतेक आमच्या वत्सलाच्या ओट्यावरच उघडायची. तिच्यावर राग काढावा अशी ती बाई नव्हती.

वत्सलाचे सुजलेले पाय पहिल्यांदा तिनंच पाहिले. ‘काकू, जरा बोट दाबू द्या,’ म्हणाली आणि दाबलेला खळगा भरेना तेव्हा तिनं दुसरा पायही दाबून पाहिला. तिच्या यादीत वत्सलाचं नाव नव्हतं. तिनं तरी चिठ्ठी लिहून दिली, मोठ्या दवाखान्यात जाऊन हृदयाची तपासणी करून या म्हणून. वत्सला म्हणाली, ‘जातो ना. पण ह्यायच्यापाशी कोण बसन? तिथं लाइनीतच दिवस जाते.’ सिस्टर म्हणाली, ‘घरी बसायला माणूस मिळावा म्हणून मी दोनदा लिहून पाठवलं काकू. तशी जागाच नाही म्हणतात.’ रजनीची मुलं लहान, नवरा वीजकेंद्रात ठेकेदाराकडे, तिला वरचेवर येणं जमत नव्हतं. हे सारं वत्सलानं मला फोनवर अगदी सहज सांगितलं, आणि मी तितक्याच सहज म्हणाले, ‘मी येते ना गुरुवारी. दिवसभर बसते. तू जाऊन ये.’

पहिल्या गुरुवारी माझ्या डोळ्यांची तपासणी निघाली. ती पुढे ढकलता आली असती. दुसऱ्या गुरुवारी भिशी होती, आणि ती माझ्याच घरी. मी सकाळी फोन केला तेव्हा वत्सला तयार होऊन बसली होती, हे मला नंतर शेजारणीनं सांगितलं. नवं लुगडं, पिशवीत चिठ्ठी, पाण्याची बाटली. मला मात्र ती एवढंच म्हणाली, ‘असू दे वं, काही घाई नाही. तू तुहं आटप. पुढच्या गुरुवारी येजो.’ आवाजात जरासुद्धा नाराजी नव्हती. नाराज झाली असती तर कदाचित मी शुक्रवारीच गेले असते. पुढचा गुरुवार दोन दिवसांवर असताना ती गेली.

सरकारच्या नावानं बोटं मोडायला मला पुष्कळ जागा आहे. जागा भरा, गाड्या द्या, सांभाळणाऱ्या माणसालाही एकदा तपासा, हे मी आरोग्य खात्याला दिलेल्या अर्जात लिहिलं आहे आणि लिहीत राहीन. पण वत्सलाला त्या गुरुवारी हवा होता तो फक्त एका खुर्चीत बसून राहणारा माणूस. ते काम मला येत होतं.

आता मधुकरभाऊंच्या फॉर्मवर त्याच रकान्यात ‘नाही’ असं लिहिलं गेलं आहे, आणि म्हणून सिस्टर दर आठवड्याला येते. रजनी मुलांना घेऊन येऊन राहिली आहे. ती थोडे दिवस, मग मौद्याला न्यायचं की काय ते ठरायचं आहे. मधूनमधून शेजारीण असते, मधूनमधून मी. गेल्या आठवड्यात सिस्टर आली तेव्हा घरात मी एकटीच होते, म्हणून मधुकरभाऊंना कुशीवर वळवायला हात लावला. चार वर्षांत त्यांची पाठ मी पहिल्यांदाच पाहत होते. सिस्टरनं माकडहाडापाशी बोट ठेवलं. तिथे रुपयाएवढा लाल चट्टा उठला होता, कातडी अजून फुटलेली नव्हती. बाकीची पाठ लहान मुलासारखी स्वच्छ. ‘मी इतक्या घरी जाते मॅडम,’ ती हळूच म्हणाली, ‘चार वर्षं पडून असलेल्या माणसाची अशी पाठ मी कुठंच पाहिली नाही. काकू दर दोन तासांनी कूस बदलायच्या. रात्रीसुद्धा.’

त्यांना परत सरळ करायचं होतं. मी खांद्याखाली हात घालून जोर लावला, तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडलेले मधुकरभाऊ तुटक तुटक म्हणाले, ‘वत्सला... हळू... फिरव वं.’

मी हात थांबवला. मग पुन्हा, सावकाश, पहिल्यापासून सुरुवात केली.